पिशवी विरघळली, पुढे काय?

महोदय,

पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्यांचे कौतुक अलीकडे बरेच कानावर येते. काही पिशव्या कसाव्याच्या, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्या, स्टार्चपासून बनतात. अनेक मात्र पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या कृत्रिम प्लास्टिकच्या असतात आणि ते बहुधा खनिज तेल किंवा वायूपासूनच येते. ते पाण्यात दिसेनासे होते, पण मीठही दिसेनासे होतेच की! त्याचे पुरते विघटन व्हायला ठरावीक जिवाणू लागतात आणि ते मुख्यतः सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत भेटतात. आपल्याकडचे कितीतरी सांडपाणी तर प्रक्रियेविनाच खाडीत जाते.

रुग्णालयात संसर्गित कपडे न हाताळता थेट धुलाई यंत्रात टाकायला अशा पिशव्या वापरतात. तिथे त्या योग्यच. पण जुलैच्या पावसात बोंबील घरी न्यायचे कसे? हातात बंद आणि मासळी रस्त्यावर!

राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीबाजारात त्या सर्रास मिळतात. निदान या नव्या पिशव्यांवर तरी त्या कशाच्या आहेत आणि किती दिवसांत विघटित होतात, हे छापणे सक्तीचे करावे. तोवर जुन्या साडीची पिशवी माझ्या खांद्याला आहेच. धुवावी लागते, एवढीच तक्रार.

– एक वाचक, दादर