नोकरी राहिली, बेस गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका प्रादेशिक विमान कंपनीने आपला एक बेस बंद केल्याची चार ओळींची बातमी परवा आपल्या अंकात वाचली. शेवटची ओळ होती, ‘एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही’. ती ओळ खरीच असणार, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. मीही अशाच एका प्रादेशिक कंपनीत वैमानिक आहे. आमचा बेस बंद झाला तेव्हाही हेच वाक्य छापून आलं होतं. त्याला आता तीन वर्षं होतील.

बेस म्हणजे वैमानिकाची आणि केबिन क्रूची ड्यूटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते तो विमानतळ. युरोपच्या नियमांत याची व्याख्या करताना एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: या ठिकाणी मुक्कामाची सोय करणं एरवी कंपनीकडे नसतं. दुसऱ्या गावी रात्र काढावी लागली तर हॉटेल मिळतं, विमानतळावरून गाडी मिळते. बेसवर यातलं काही नाही, कारण तिथे तुमचं घर आहे असं धरून चाललेलं असतं. बेस हलवला की कंपनीच्या लेखी तुमचं घरही त्याच दिवशी नव्या शहरात गेलेलं असतं. प्रत्यक्षात नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंचे डॉक्टर आणि घराचे हप्ते, सगळं जुन्याच गावात असतं.

बेस बंद होत असल्याचं ईमेल आम्हाला आलं ते एका गुरुवारी संध्याकाळी. मी शेवटची फेरी संपवून क्रू रूममध्ये टेक लॉगची, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीची, प्रत फाइलला लावत होते. खोलीत आम्ही पाच जण होतो. सगळ्यांचे फोन एकापाठोपाठ वाजले आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. माझ्यासोबत उडणारा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, सव्वीस वर्षांचा होता. आदल्याच महिन्यात त्याने विमानतळाजवळ भाड्याने घर घेतलं होतं आणि अनामत रक्कम भरली होती. त्याने पहिला प्रश्न विचारला तो घराचा नव्हता. ‘मॅडम, माझा नंबर कितवा लागेल?’ असं त्याने विचारलं.

हा नंबर म्हणजे सीनियॉरिटी, कंपनीत किती वर्षं झाली त्यावरून लागणारा क्रम. बेस बंद झाला की तिथले वैमानिक सीनियॉरिटीने उरलेल्या बेसवर जागा मागतात. वरच्यांना हवं ते शहर मिळतं, त्यांच्यामुळे तिथला कोणी खाली सरकतो, तो पुढच्याला सरकवतो. काही कॅप्टन पुन्हा सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर येतात, पगार त्या मानाने उतरतो. अगदी तळाच्यांच्या वाट्याला सगळ्यात लांबचा बेस आणि महिनाभर स्टँडबाय, म्हणजे बोलावतील तेव्हा हजर राहण्याची ड्यूटी, येते. मग कंपनी का सोडत नाही, असं लोक विचारतात. सोडली तर नव्या कंपनीत यादीच्या शेवटी उभं राहावं लागतं, चौदा वर्षं असोत की चार. शिवाय टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी, त्या त्या विमानाचं असतं. टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्याच्या विमानावर, काढलेली वर्षं जेटच्या कॉकपिटमध्ये तशीच्या तशी चालत नाहीत.

प्रादेशिक कंपन्यांत हे वारंवार का घडतं, तेही सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी आमच्यासारख्या कंपन्या मोठ्या कंपनीसाठी कंत्राटावर उडतात. कुठून कुठे आणि किती फेऱ्या, हे मोठी कंपनी ठरवते. तिने पन्नास आसनी विमानं ताफ्यातून काढून टाकायचं ठरवलं की आमच्या बेसचं कारणच संपतं. अमेरिकेत डेल्टाच्या मालकीची कॉमएअर आधी आकसत गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पूर्ण बंद पडली. ब्रिटनमध्ये फ्लायबी ५ मार्च २०२० ला कोसळली, पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्यांदा बंद झाली. हे दोन्ही टोकाचे दाखले आहेत. बेस बंद होणं हे त्याआधीचं पाऊल असतं, आणि ते कुठे मोजलं जात नाही.

माझा नवा बेस घरापासून दोन विमानं बदलून आहे. पहाटे पाचचं रिपोर्टिंग असेल तर आदल्या दुपारी घर सोडावं लागतं. आम्हाला मिळतं ते जागा उरली तर बसायचं तिकीट. पैसे देणारे प्रवासी आधी, हे योग्यच आहे. पण त्यामुळे एक विमान भरलं तर पुढचं मिळावं म्हणून तास-दोन तास आधी निघायचं. चार दिवसांच्या रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाला, सहा दिवस लागतात, आणि वाढलेल्या दोन दिवसांचा पगार नाही. मी आणि आणखी सात जणींनी मिळून विमानतळाजवळ एक फ्लॅट घेतला आहे. पलंग चार आहेत. रोस्टर बघून आम्ही ते वाटून घेतो. प्रत्येकीची चादर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव. रात्री दोन चाळीसला एकीचा अलार्म वाजतो, साडेतीनला दुसरीचा. यातल्या पाच जणी केबिन क्रूमध्ये आहेत. त्यांचा पगार माझ्या पगाराच्या जवळपासही नाही, पण भाड्याचा वाटा सगळ्यांचा सारखाच.

नियम या प्रवासाला काय म्हणतात, ते वाचकांना ठाऊक असावं. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून वैमानिकाला ड्यूटीआधी किमान १० तासांची विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी द्यावी लागते. चांगला नियम आहे, आणि तो कसा आला त्याकडे मी वळणारच आहे. पण त्यात कंपनीच्या कामासाठी प्रवासी म्हणून केलेला प्रवास ड्यूटीत धरतात, आणि घरून बेसला येणं हा माझा खासगी वेळ ठरतो. म्हणजे एकाच विमानात, शेजारशेजारच्या सीटवर, एकाच गणवेशात दोन वैमानिक बसले असतील तर एक कामावर असतो आणि दुसरा कागदोपत्री विश्रांती घेत असतो. युरोपच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की घर बेसपासून नेहमी दीड तासाहून लांब पडत असेल तर कर्मचाऱ्याने जवळपास तात्पुरत्या मुक्कामाचा विचार करावा. स्वतःहून लांब राहायला गेलेल्या माणसाला हे सांगणं मी समजू शकते. इथे माणूस जागचा हललेला नाही, बेस हलला आहे.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं न्यूअर्कहून निघालेलं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या, इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. ते जसं आहे तसंच सांगितलं पाहिजे. पण त्याच अहवालात आहे की फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून, सिॲटलहून न्यूअर्कला पोहोचली होती. कॅप्टन फ्लोरिडाहून यायचा आणि त्याने क्रू रूममध्ये रात्र काढली होती. त्या बेसवरचे सुमारे दोन तृतीयांश वैमानिक असेच लांबून ये-जा करणारे होते. थकव्याचा त्या दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असं तपास यंत्रणेने लिहिलं. वरचा विश्रांतीचा नियम या अपघातानंतर आला. घर आणि बेस यांमधलं अंतर मात्र त्यातूनही निसटलं.

थकले आहे असं सांगून ड्यूटी नाकारायचा हक्क आम्हाला आहे आणि मी तो दोनदा वापरला आहे. पण स्टँडबायवरच्या नवख्या मुलाला तो वापरताना किती धीर लागतो, हे मी जवळून बघते.

कंपनीला बेस बंद करावा लागतो, हे मला मान्य आहे. रिकामी विमानं उडवा असं कोणी म्हणत नाही. माझं मागणं इतकंच आहे की निदान सहा महिने आधी सांगावं, घर हलवणाऱ्याला त्याचा खर्च द्यावा, आणि जो हलू शकत नाही त्याला पहिलं वर्षभर नव्या बेसवर ड्यूटीच्या आदल्या रात्री झोपायला खोली द्यावी. तिकीट द्यायचं तर पक्क्या जागेचं द्यावं. आणि कंपनीच्या निर्णयामुळे करावा लागणारा हा प्रवास विमान नियामकांनी विश्रांतीत धरू नये.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही’ असं निवेदन आलं तर आपल्या वार्ताहराने कंपनीला विचारावं की यातले किती जण घर हलवणार आहेत, किती जण ये-जा करणार आहेत, आणि ते आदल्या रात्री झोपणार कुठे. आमच्या वेळी हे कोणीच विचारलं नव्हतं. माझ्यासोबतचा तो फर्स्ट ऑफिसर सात महिने ये-जा करून उडणं सोडून गेला. कंपनीच्या नोंदीत त्याने स्वेच्छेने राजीनामा दिला आहे.

आपली,
एक वैमानिक वाचक