उशिरा भिडणारे चित्रपट

महोदय,

गेल्या पंधरवड्यात अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ (१९५२) आणि यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) हे जपानी चित्रपट लागोपाठ पाहिले. कर्करोगाने ग्रासलेला सरकारी अधिकारी स्वतः धडपडून उभारलेल्या बागेत, पडत्या बर्फात झोपाळ्यावर बसून गातो, तेव्हा डोळे भरून आले. ओझूंच्या चित्रपटात मात्र पोटच्या मुलांना आईवडिलांसाठी सवड नसताना विधवा सून त्यांचे आपुलकीने करते, हे जवळजवळ न हलणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहताना रडू आले नाही. पण पुढे दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हते. (रडवतो तोच चित्रपट श्रेष्ठ, असे मीही मानत असे.) आपल्या परीक्षणांत या मागाहून जाणवणाऱ्या परिणामाचीही दखल घेतली जावी, ही विनंती.

– एक वाचक