सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी अर्ज मागवत आहोत

मंडळी, आपल्या फाइव्हएम (जीटीए ५ गेम स्वतंत्र सर्व्हरवर एकत्र खेळायची सोय) रोलप्ले सर्व्हरला, म्हणजे जिथे प्रत्येकजण एक पात्र बनून खेळतो त्याला, नवा मुख्य अ‍ॅडमिन निवडायचाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्यांनी रविवारी रात्री ९ वाजता डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनेलवर यावं.

इच्छुकांनी शनिवारपर्यंत अर्ज पाठवा. त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं: एकजण म्हणतो 'विनाकारण गोळी घातली', दुसरा म्हणतो 'त्यानं आधी गाडी अडवली'. व्हिडिओ क्लिप कुणाकडेच नाही, आणि त्यातला एक तुमच्याच टोळीतला. निकाल कसा द्याल?

- मेटागेमिंगसाठी (खेळाबाहेर कळलेली माहिती आपल्या पात्रासाठी खेळात वापरणं) बंदी झालेल्यांनी अर्ज करू नये.
- अ‍ॅडमिनने स्वतःच्या पात्राला पैसे, गाड्या द्यायच्या नाहीत.
- कन्नडही येत असेल तर फार बरं. आपल्यातल्या कन्नड बोलणाऱ्या पोरांची तक्रार त्यांच्याच भाषेत ऐकली जावी, असं मला मनापासून वाटतं.

मतदान रविवारी रात्रीच होईल.