शनिवारच्या मंडळींचे आभार
निवृत्तीनंतर ठाण्यात मुलाकडे राहायला आले, तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नाव नोंदवायला गेले आणि दिवाळी अंक चाळत घुटमळले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "शनिवारी आम्ही वाचलेल्यावर गप्पा मारतो. या ना!"

गेले. पहिल्याच दिवशी बोलताना घसा कोरडा पडला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी हळूच विषय बदलला. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचन बंद होतं, तर तुमच्यातले एकजण रोज फोनवरून अर्धं प्रकरण वाचून दाखवत. (उच्चार जरा नाटकी, पण असो.)

नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार. येत्या शनिवारी चकल्या आणते.