विषाणूंना वाट देणारी कीटकांची प्रथिने : मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

मावा रोगट पानाचा रस शोषतो, तीच सोंड निरोगी पानात खुपसतो आणि रोग पसरतो. मग यात कीटकाच्या प्रथिनांचा संबंध येतोच कुठे, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. काही विषाणू खरोखरच सोंडेला चिकटून जातात आणि लवकरच निष्प्रभ होतात. पण गहू, सातू, ओट आणि भात यांचे मोठे नुकसान करणारे कित्येक विषाणू कीटकाच्या शरीरातून संपूर्ण प्रवास करूनच बाहेर पडतात, आणि त्या प्रवासात कीटकाच्याच प्रथिनांनी त्यांना वाट दिलेली असते.

सातूचा पिवळा खुजा रोग घे. कॅलिफोर्नियात 1951 साली ओळखल्या गेलेल्या या रोगाचा विषाणू सुमारे 25 नॅनोमीटरचा असतो. तो माव्याच्या शरीरात वाढत नाही, पिल्लांतही उतरत नाही. तरीही एकदा आत शिरला की मावा बहुधा मरेपर्यंत रोग पसरवत राहतो. रसाबरोबर आतड्यात आलेला विषाणू तिथल्या पेशी ओलांडून रक्तद्रवात उतरतो आणि तिथून लहान, सहायक लाळग्रंथीत शिरतो. आतड्याच्या आणि लाळग्रंथीच्या पेशींवर त्याच्या प्रथिनांच्या बाह्य कवचाशी जुळणारी प्रथिने नसतील, तर त्याचा प्रवास तिथेच खुंटतो. विशेषतः लाळग्रंथीभोवतीचे पातळ आवरण फार चोखंदळ असते. आतड्यातून सुखरूप सुटलेले विषाणूही तिथे अडकून पडलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहेत.

ही निवड कवचावरून होते, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ रोशो यांनी 1970 साली फार सुंदर रीतीने दाखवले. या विषाणूच्या प्रकारांना त्यांनी वाहक माव्यांवरूनच नावे दिली होती. ‘आरपीव्ही’ हा प्रकार ऱ्होपॅलोसायफम पाडी नावाचा मावा सहज पसरवतो, पण ‘एमएव्ही’ हा प्रकार सहसा पसरवत नाही. मात्र एकाच रोपात दोन्ही प्रकार असले, तर ‘एमएव्ही’चे आरएनए, म्हणजे त्याचा आनुवंशिक मजकूर, ‘आरपीव्ही’च्या कवचात गुंडाळले जाते आणि एरवी त्याला न स्वीकारणारा तोच मावा त्याला निरोगी रोपात पोचवतो. आतला मजकूर कोणाचाही असो, कीटक पारखतो ते बाहेरचे प्रथिन.

पण ही पारख करणारे प्रथिन कोणते? उत्तर अजून अर्धवटच हाती आले आहे, आणि ते शोधण्याची रीत मला उत्तराइतकीच मोलाची वाटते. शायझॅफिस ग्रॅमिनम या माव्याच्या एकाच जातीत काही वंश रोग पसरवतात, काही पसरवत नाहीत. त्यांचा संकर केल्यावर ही क्षमता आनुवंशिक असून ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्याचे दिसले. पुढे त्या संततीतील प्रथिनांची तुलना करून, रोग पसरवणाऱ्या माव्यांत ठरावीक रूपात आढळणारी प्रथिने वेगळी काढण्यात आली.

भाताच्या पट्टे रोगाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्याचा विषाणू लहान तपकिरी तुडतुडा या रस शोषणाऱ्या कीटकात वाढतो आणि मादीच्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जातो. अंड्यात बलक भरण्यासाठी मादी व्हायटेलोजेनिन हे प्रथिन अंडाशयाकडे धाडते. विषाणूचे प्रथिन त्याला बिलगते आणि त्याच्याबरोबरच आत घेतले जाते, हे 2014 साली दाखवण्यात आले. पुढे कळले की तेच प्रथिन मेदपिंडात (कीटकाच्या चरबी साठवणाऱ्या अवयवात) आणि रक्तपेशींत वेगवेगळ्या रीतीने घडते, आणि विषाणूला धरते ते रक्तपेशींतले रूप. पोषणाचे मूळ काम मेदपिंडातल्या रूपाकडे राहत असेल, तर तुडतुड्याला न मारता केवळ विषाणूची वाट रोखणे कल्पनेपलीकडचे राहत नाही.

म्हणूनच फवारणीवरच सारी भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते. कीटकनाशकांना दाद न देणारे वंश उभे राहतात, मित्रकीटक मात्र मरतात. शिवाय नेमका कोणता मावा रोग पसरवू शकतो, हे फवारणीला कळत नाही. एखाद्या प्रथिनाच्या खुणेवरून शेतातला मावा वाहक आहे की नाही हे आधीच ओळखता आले, तर कित्येक फवारण्या टाळता येतील. अर्थात विषाणू झपाट्याने बदलतात आणि एक वाट बंद झाली की दुसरी शोधू शकतात, ही शंका तू काढशीलच. ती रास्त आहे. कवचाचा जो भाग कीटकाच्या प्रथिनाला बिलगतो, तो बदलला तर वहनाची क्षमताच गमावण्याचा धोका विषाणूला असतो, एवढेच तूर्त माझे उत्तर. याबद्दल तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
माधव