नकाशावर त्रिपिल्याही दाखवा

संपादक महोदय,

युक्रेनमधील वीज केंद्रांवरच्या हल्ल्यांच्या बातम्यांत 'कीव्हजवळील औष्णिक केंद्र' एवढाच उल्लेख वाचायला मिळतो. मी औष्णिक केंद्रातच नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे हे केंद्र मला कागदावर चांगले परिचयाचे आहे. ३०० मेगावॅटचे सहा संच, एकूण १,८०० मेगावॅट. ११ एप्रिल २०२४ रोजी ते पार उद्ध्वस्त झाले. अकरा क्षेपणास्त्रे आली, सात पाडली, उरलेली चार पाडायला आमच्याकडे काही शिल्लकच नव्हते, असे झेलेन्स्की यांनी नंतर सांगितले. केंद्राला ज्या गावाचे नाव आहे, ते त्रिपिल्या मात्र बातमीत नसते.

कीव्हच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, नीपरच्या उजव्या काठावर हे गाव आहे. नदीचा हा काठ उंच, समोरचा सखल. उंच काठावर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर मातीचे थर आणि त्यावर काळी कसदार जमीन. जवळच स्तुहना नावाची लहान नदी नीपरला मिळते.

१८९६-९७ च्या सुमारास विकेंती ख्वोयका या मूळच्या चेक संशोधकाने इथे उत्खनन केले. घरांच्या भाजलेल्या मातीच्या जमिनी आणि वळणावळणांच्या नक्षीची रंगीत भांडी सापडली. रोमानियापासून नीपरपर्यंत पसरलेल्या, इ. स. पूर्व ५५०० ते २७५० या काळातील शेतकऱ्यांच्या संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले (रोमानियात तिला कुकुतेनी म्हणतात). या लोकांची कुडाची, मातीने लिंपलेली घरे जळालेल्या अवस्थेत सापडतात. ती त्यांनी स्वतःच पेटवली असावीत, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. बॉयलरपुढे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ते पटते. भिंतीची माती विटेसारखी भाजायची तर घर नुसते पेटून भागत नाही, आत सरपण रचावे लागते.

पुढे दहाव्या शतकात ही कीव्हच्या रूस राज्याची सरहद्द झाली. स्तुहनेपलीकडे गवताळ प्रदेशातील घोडेस्वार टोळ्या, म्हणून व्होलोदिमिर राजाने नदीकाठी गढ्या वसवल्या. तरी १०९३ मध्ये त्रिपिल्याजवळ कुमान टोळ्यांनी रूस राजपुत्रांचा पराभव केला. पळताना तरुण रोस्तिस्लाव पुराच्या स्तुहनेत बुडाला. त्याला वाचवायला गेलेला भाऊ व्लादिमीर मोनोमाख स्वतःही बुडता बुडता वाचला. १९१९ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध उठलेला अतामान (बंडखोरांचा म्होरक्या) झेलेनी याच गावचा, पण त्या रक्तपाताला स्वतंत्र पत्र लागेल.

सोव्हिएत काळात केंद्र इथेच का उभारले, हे माझ्या पेशातल्या कुणालाही लगेच कळेल: थंड करायला नीपरचे पाणी आणि हाकेवर कीव्ह. कामगारांसाठी शेजारी उक्राइन्का शहर वसले. कोळसा मात्र पूर्वेकडच्या, दूरच्या दोनबास खाणपट्ट्यातून, रेल्वेने यायचा. २०१४ नंतर तिथल्या खाणी रशियाच्या बाजूच्या बंडखोरांकडे गेल्या आणि काही संच दुसऱ्या जातीच्या कोळशासाठी बदलून घ्यावे लागले. चालू केंद्रात असे बदल करताना काय उस्तवार करावी लागते ते आम्हाला विचारा. एवढे करून सावरलेले केंद्र एका दिवसात गेले.

पुढच्या वेळी नकाशा छापाल तेव्हा कीव्हच्या खाली स्तुहनेची एक रेघ आणि त्रिपिल्याचा ठिपका द्यावा, ही विनंती. जागा फार लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता