क्षयाचं इंजेक्शन आणि डाळिंबाची फवारणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी ढग दाटले की सांगोला तालुक्यात घरोघरी एकच विषय असतो, तो म्हणजे डाळिंबावरचा तेल्या रोग. पानावर तेलकट डाग दिसला की बागायतदाराची झोप उडते. डागाचं फळ तडकलं की व्यापारी त्याकडे ढुंकून पाहत नाही आणि वर्षभराची उसनवारी अंगावर येते. आमच्या घरची बागही भगवा जातीच्या डाळिंबाचीच, दीर सांभाळतात. म्हणून शेतकऱ्याला बोल लावायला हे पत्र लिहीत नाही. पण फवारणीच्या टाकीत काय पडतं त्याबद्दल मला गप्प बसवत नाही, कारण त्यातलं एक औषध मी नोकरीत माणसांना टोचलेलं आहे.

सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. क्षय उलटलेल्या रुग्णांना तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन दिवसाआड दिलं जाई. १९४३ मध्ये सापडलेलं हे क्षयावर गुण देणारं पहिलं प्रतिजैविक. त्यासाठी सेल्मन वाक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल मिळालं. आम्ही ते मोजूनमापून द्यायचो, नोंदवहीत तारीख आणि सही करायचो. दर खेपेला विचारायचो, कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का? या औषधानं कानाची नस दुखावते आणि गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. कुणी डोस चुकवला तर घरी जाऊन त्याला घेऊन यायचं. अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, निर्ढावतो, हे आम्हाला पाठ होतं.

आता बागेत काय बघते? तेल्या हा जिवाणूंचा रोग, म्हणून त्यावर सहा ग्रॅमची पुडी मारतात. तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लिन. कृषी सेवा केंद्रात मागाल तेवढी मिळते, चिठ्ठी कोणी विचारत नाही. ज्या टाकीत एक पुडी पडायची तिथे आता दोन-तीन पडतात, कारण म्हणे ‘एकीनं फरक पडत नाही’. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीच्या रोगावर १९५० च्या दशकापासून हेच औषध फवारत होते. १९७० च्या दशकात तिथल्या बागांतले जिवाणू त्याला दाद देईनासे झाले. युरोपीय संघात तर पिकावर ते फवारायला परवानगीच नाही.

फवारणीनं थेट क्षयाचाच जंतू निर्ढावतो असं माझं म्हणणं नाही. पण औषधाला न जुमानण्याचा गुण एका जातीचे जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. आणि फवारा फळावरच थांबत नाही. तो मातीत मुरतो, तोंडाला नुसता पंचा बांधलेल्या गड्याच्या अंगावर बसतो. शेततळ्याच्या कडेला फाटक्या पुड्या पडलेल्या असतात आणि त्याच पाण्यावर शेरडं येतात. आमच्याकडे घरटी गाय नाहीतर शेळी आहे. गाभ टाकलेल्या जनावराचं उघड्या हातानं करताना माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. मग ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही. त्यावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि जोडीला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देतात. डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं, म्हणजे पुडीतली जोडी तीच. उद्या ती लागू पडली नाही तर या माणसांना द्यायचं काय?

तेल्यावर दुसरा इलाज नाही असं कोणी म्हणू नये. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच जिल्ह्यात, केगावला आहे. शक्य तिथे पावसाळा सरताना येणारा हस्त बहर धरावा, बागेला विश्रांती द्यावी, रोगट फांदी डागाच्या खालून छाटावी, कात्री दर झाडागणिक निर्जंतुक करावी, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण वापरावं, रोपं निरोगी मातृवृक्षाचीच घ्यावीत, हे तिथले शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. ही कामं कष्टाची आणि मजुरीची, पुडी मात्र सोपी. त्यातून एकट्यानं करून भागत नाही. आम्ही गळालेली फळं वेचून जाळतो, पण वरच्या अंगाला कुणीतरी ती बांधावरच टाकतं, आणि वाऱ्या-पावसाबरोबर रोग पुन्हा आमच्या बागेत येतो. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात साफसफाई करायची, एवढं ग्रामसभेत ठरवता येणार नाही का?

कृषी विभागाला माझी विनंती आहे की लेखी शिफारशीशिवाय ही पुडी विकू देऊ नये, आणि किती विकली याची नोंद दुकानात ठेवायला लावावी. आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्यांनी मिळून डाळिंब पट्ट्यातल्या शेततळ्यांचं पाणी, माती आणि जनावरं यांतले जिवाणू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत ते तपासावं आणि निकाल गावच्या फलकावर लावावा. ही तपासणी येत्या मृगाआधी सुरू व्हावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. सांगोला, जि. सोलापूर